मागे घ्या

४ फेब्रुवारी

आजपासून खात्याची सगळी कामं ऑनलाइन. मंत्र्यांनी बटण दाबलं, भिंतीवर पान उघडलं, टाळ्या पडल्या. टाळ्या बटणाला होत्या, पण बटणावरचे शब्द माझे होते. हे सभागृहात मला एकट्यालाच ठाऊक होतं, म्हणून घरी येऊन बायकोला सांगितलं आणि तेवढ्यानं भागेना म्हणून ही दैनंदिनी सुरू केली.

भाषा अधिकारी म्हणून आजवर मी दुसऱ्यांच्या परिपत्रकांतल्या वेलांट्या सरळ करत आलो. या वेळी मात्र आख्खं काम माझ्या हाती आलं. संगणक विभागातल्या दाढीवाल्यानं 'सबमिट करा', 'अपलोड करा', 'विथड्रॉ करा' असं मांडून ठेवलं होतं. मी हट्टानं 'पाठवा', 'जोडा', 'मागे घ्या' करून घेतलं. तो म्हणाला, "सर, बटणात दोनच शब्द मावतात." म्हटलं, दोन पुरे आहेत. पाल्हाळ मराठीला लागत नाही, अधिकाऱ्यांना लागतं.

बायको म्हणाली, "बटणावर सही करता येत नाही वाटतं? नाहीतर तीही ठोकली असतीत."

९ फेब्रुवारी

रविवार म्हणून दादाकडे गेलो. दारात पाऊल टाकलं तशी त्याची लेक चिमणी पलंगावरून ओरडली, "येऊ द्या… येऊ द्या… बस्स!" मी उंबऱ्याच्या आत येऊन थांबलो. तिच्या 'बस्स'च्या पुढे गेलं तर ती रडते.

दादानं जन्मभर मालट्रक चालवला. वहिनी गेल्यावर चिमणीला बरोबर घेऊन फिरायचा. ट्रक मागे घेताना क्लीनर जे ओरडायचा ते तिनं उचललं आणि तेवढंच बोलणं तिच्याजवळ राहिलं. आता तिच्या केसांत पांढरं दिसतं, पण वेणी अजून दादा घालतो, आणि तिला घासही तोच भरवतो.

दादाच्या हृदयाचं ऑपरेशन करायला हवं, असं डॉक्टर कधीचे सांगतायत. तो तयार होत नाही. म्हणतो, "टेबलावर गेलो आणि उठलोच नाही, तर माझ्यामागे हिचं काय? आधी निवासकेंद्रात हिची खोली होऊ दे, मग खुशाल कापा." ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही अशांसाठीचं हे निवासकेंद्र आमच्याच खात्याचं. खोल्या मोजक्या, आणि ज्याचा अर्ज आधी त्याला आधी मिळते.

तो सुट्टीनंतर खिडकीवर जाऊन अर्ज देणार होता. मी म्हटलं, "अरे, आता घरबसल्या होतं. फोन आहे ना?"

"शब्दकोश, खिडकीवर निदान माणूस तोंडावर नाही म्हणतो," तो म्हणाला. मला घरात सगळे शब्दकोशच म्हणतात.

मी त्याला पान उघडून दाखवलं, प्रत्येक शब्द वाचून दाखवला. त्यालाही आवडलं. म्हणाला, "हे तर बोलल्यासारखं आहे." खरं तर त्याच्याजवळ बसून तिथेच भरून द्यायला हवं होतं, पण अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं. निघताना मागून चिमणीचं 'येऊ द्या' चाललंच होतं.

परतताना बायको म्हणाली, "दादांनी आपल्याला कधी विचारलं नाही, नाही?"

"काय?"

"काही नाही."

आमच्या दोन खोल्या. त्यातल्या एकीत माझी पुस्तकं. दादाला हे माहीत आहे. तो समजूतदार आहे.

१५ फेब्रुवारी

दादाचा फोन. अर्ज भरला! एकट्यानं भरला, चहा पिता पिता. "पाठवला, मग सगळं नीट आहे का ते एकदा बघून घेतलं, आणि शेवटी पाटी आली. 'आपल्या विनंतीनुसार कार्यवाही पूर्ण झाली. धन्यवाद.' सरकार धन्यवाद म्हणतं रे! आयुष्यात पहिल्यांदा." मी फोन स्पीकरवर टाकून बायकोला ऐकवलं. ते वाक्यही माझंच.

आज एका शिंप्याचा निरोप आला होता. पूर्वी एका दाखल्यासाठी दुकान दिवसभर बंद ठेवावं लागायचं, आता दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात काम झालं. एका बाईनं बाळाला मांडीवर घेऊन अर्ज भरला. खात्याच्या फाटकाबाहेरच्या दलालांची टेबलं ओस पडली आहेत. आपल्या हातून कुणाचं भलं होतं हे असं कळलं की छाती फुगते, खोटं कशाला बोलू?

२६ फेब्रुवारी

आढावा बैठक. मॅडम खूश. त्या खात्याच्या प्रमुख, आणि खूश झाल्या की चष्मा काढतात. आज चष्मा बराच वेळ टेबलावर होता. अर्ज भरपूर आले आणि त्यातले बरेच लोकांनी स्वेच्छेनं मागे घेतले. मॅडम म्हणाल्या, "याचा अर्थ जे खरे गरजू नव्हते ते आपोआप गळले. कागदावर हे कधीच झालं नसतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलली.

मदतवाहिनीवर फोन घेणाऱ्या बाई मध्येच म्हणाल्या, "सर, लोक फार विचारतात, मागे कसं जायचं म्हणून."

"पानाच्या डोक्याशी बाण आहे की."

"तो दिसत नाही त्यांना. बारीक आहे, राखाडी आहे."

"मागे जायची आपल्या लोकांना सवयच आहे, बाण कशाला हवा?" मी म्हणालो. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. विनोदबुद्धी हवी माणसाला.

१८ मार्च

दादाला जिना चढताना धाप लागते. डॉक्टर त्याच्यावर चिडले. तो म्हणतो, खोल्यांच्या वाटपाची यादी लागली की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती होतो. मला चाचरत म्हणाला, "तू जरा आत विचारून बघतोस का, आपला अर्ज कुठवर आलाय?"

मी त्याला समजावलं की आता आत असं काही उरलेलंच नाही. ओळख चालत नाही, वशिला चालत नाही, तेच तर या पद्धतीचं वैशिष्ट्य. त्याला ओशाळल्यासारखं झालं. "नाही नाही, मग नको. तुझ्या तत्त्वात मी कशाला आड येऊ?" म्हणाला. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

२ एप्रिल

यादी लागली. चिमणीचं नाव नाही.

दादाला धक्का बसला, तरी तोच म्हणतो, "माझंच काही चुकलं असेल." मी कार्यालयात चौकशी केली. ओळख चालत नाही म्हणणारा मी, पण राहवेना. दाढीवाल्यानं पडदा माझ्याकडे वळवला. अर्जदाराने अर्ज स्वेच्छेने मागे घेतला. ज्या दिवशी भरला त्याच दिवशी.

तिथूनच फोन लावला आणि डोकं फिरल्यासारखा बोललो. "मागे कशाला घेतलास? एवढी घाई होती तर मागे कशाला घ्यायचं?"

"मागे घेतलं होतं खरं," दादा म्हणाला. "जन्मतारीख बघायला. पण पुन्हा पुढे…"

"कशाला नाही तिथे बोटं लावतोस?" मी फोन ठेवला. दाढीवाला बघत होता. भाऊ अडाणी आहे असं त्याला वाटू नये म्हणून मी म्हणालो, "वय झालं की असं होतं."

दादा काय सांगत होता ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

६ एप्रिल

आज घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

नवा अर्ज भरायला दादाकडे गेलो. या वेळी शेजारी बसलो. तो चष्मा लावून सावकाश भरत होता, चांगला भरत होता. शेवटी 'पाठवा' दाबलं. पाठवला गेला. मी सुस्कारा सोडला. तोच तो म्हणाला, "थांब, जन्मतारीख बरोबर आहे ना ते बघतो. जरा मागे घेऊ." आणि त्याचा अंगठा खाली गेला, त्या लाल, ठसठशीत, माझ्या बटणाकडे. मागे घ्या.

चिमणी पलंगावरून आनंदानं ओरडली, "मागे घ्या… मागे घ्या… येऊ द्या!"

मी आ वासून बघत राहिलो. पडद्यावर चौकट आली. 'आपण खरोखर मागे घेऊ इच्छिता?'

"किती आदबीनं विचारतंय बघ," दादा म्हणाला आणि त्यानं 'होय' दाबलं. का नाही दाबणार? त्याला खरोखर मागे घ्यायचं होतं. ट्रक मागे घेतात, खुर्ची मागे घेतात, पाऊल मागे घेतात, तसं पान मागे घ्यायचं होतं. 'थांब' म्हणायला मी तोंड उघडलं तोवर पाटी आली होती. आपल्या विनंतीनुसार कार्यवाही पूर्ण झाली. धन्यवाद.

"झालं," दादा म्हणाला. "मागच्या वेळी पण असंच झालं होतं. चुकलं कुठे मग?"

चौकटीत आधी 'अर्ज' हा शब्द होता. तो मीच काढला होता. वाक्य डौलदार व्हावं म्हणून.

दादाला मी काही सांगितलं नाही. 'यंत्रणेत काहीतरी अडलंय, मी बघतो' म्हणालो. तो म्हणाला, "चूक माझी असेल तर सांग हं. तुझ्या खात्याला नावं नकोत ठेवायला." जेवायला थांब म्हणाला, पण मला तिथे बसवेना.

७ एप्रिल

मॅडमच्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बटणावर 'अर्ज रद्द करा' करून टाका. आजच. गाजावाजा नको."

"आणि ज्यांचे अर्ज गेले ते?"

"त्यातले किती चुकून गेले हे कोण सांगणार? सगळ्यांना स्वेच्छेने म्हणून जाहीर करून बसलोय आपण." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या भावाचं मी बघते. अडीअडचणीला एक खोली राखीव असते. विशेष बाब म्हणून होऊन जाईल."

मी काय म्हणालो? धन्यवाद म्हणालो. खोलीबाहेर येईपर्यंत हायसं वाटलं, आणि जिन्यात स्वतःची लाज वाटली. पण परत वर गेलो नाही, हेही लिहून ठेवतो.

१२ एप्रिल

चिमणीला खोली मिळाली. दादा फोनवर हसत होता, मग रडला. अडकलेला अर्ज सुटला, असंच त्याला वाटतंय. दवाखान्याची तारीखही ठरली. संध्याकाळी त्याच्याकडे गेलो तर सगळ्या जिन्याला बातमी कळलेली. वाण्याला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. माझ्यासमोर खालच्या मजल्यावरच्या बाईंना म्हणाला, "ओळख नाही, वशिला नाही. आपलं आपण भरायचं, नंबर लागला की मिळतं. माझा भाऊ खात्यात असून त्यानं शब्द टाकला नाही, असा माणूस!"

त्या बाईंनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधली.

बायकोला सगळं सांगितलं. तिनं टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल

ऑपरेशन नीट झालं. खोलीचा ताबा अजून मिळायचाय, तोवर बायको दादाच्या घरी चिमणीजवळ राहतेय.

कार्यालयात मदतवाहिनीच्या बाईंनी मला हाक मारली. म्हणाल्या, "सर, एक फोन तुम्ही घ्या." आणि कानाला लावायचं यंत्र माझ्यापुढे केलं. नाही म्हणता आलं नाही.

पलीकडे एक आई होती. मुलगा मोठा आहे, अंथरुणाला खिळलेला, तिला आता त्याला कूस वळवून देता येत नाही. "अर्ज मी मागे घेतला असं तुमचे लोक सांगतात. मी का मागे घेईन? त्याचा फोटो सरळ लागलाय का ते बघायला मागे घेतलं, तेवढंच."

समोर उत्तरांचा कागद चिकटवलेला होता. तोही मीच लिहून दिलेला. त्यावरून वाचलं, "आपल्या विनंतीनुसार कार्यवाही पूर्ण झाली आहे."

"माझी विनंती?" ती म्हणाली. "विनंती तर मी आत्ता करतेय."

पुढचा शब्द कागदावर नव्हता. बाईंनी यंत्र माझ्याकडून काढून घेतलं आणि त्या आईशी हळू आवाजात बोलत राहिल्या. मी उभाच होतो. मग निमूटपणे जागेवर गेलो. फेब्रुवारीतल्या त्या बैठकीत मी केलेला विनोद त्यांना आठवत असणार. मला तर आठवला.

२७ एप्रिल

दवाखान्यात जाऊन दादाला सांगितलं. सगळं. बटण, चौकट, मॅडम, राखीव खोली, फोनवरची ती आई. तो उशीला टेकून बसला होता, रंग सुधारलाय. ऐकताना पांघरुणाचा काठ सरळ करत होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे मी चुकलो नव्हतो."

"नाही."

"पण खोली तुझ्यामुळे मिळाली."

"हो."

सरळ केलेला काठ त्यानं मुठीत चुरगळला. मग म्हणाला, "सांगितलंस कशाला? आता मलाही माहीत झालं."

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की माझं मन हलकं होईल. ते त्याला जड करून झालं.

शेजारच्या खाटेवरच्या रंगाऱ्यानं विचारलं, "काका, तुम्ही परवा सांगत होतात ना, वशिल्याशिवाय होतं म्हणून? आमच्या बहिणीसाठी भरू का?"

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, "माझं तसं नाही झालं हो. माझा भाऊ आहे तिथे." जिनाभर फुशारकी मारत फिरलेला माणूस हे इतक्या हळू बोलला की रंगाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं. आणि त्यानं पुन्हा सांगितलं.

दवाखान्याच्या बाहेर येऊन मी कठड्याला धरून उभा राहिलो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

२९ एप्रिल

टिपणी लिहिली. साधी लिहिली, डौल नाही. शब्द कुणी निवडले, चौकटीतून 'अर्ज' कुणी काढला, एका अर्जदाराला विशेष बाब म्हणून खोली कशी मिळाली आणि तो माझा सख्खा भाऊ कसा. या बटणानं गेलेले सगळे अर्ज मूळ क्रमानं पुन्हा धरावेत. एक प्रत मॅडमना, एक वर सचिवांकडे.

मॅडमनी बोलावून घेतलं. "तुम्हाला कळतंय का, मूळ क्रम लावला तर तुमच्या भावाच्या आधीचे कितीतरी लोक परत येतील? त्याची खोली जाईल."

"कळतंय."

"मग ही टिपणी मागे घ्या."

एरवी हसलो असतो. म्हणालो, "नाही घेत, मॅडम."

"माझ्या गळ्याला फास लावताय तुम्ही."

"आपल्या दोघांच्या," मी म्हणालो. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. वाईट बाई नाहीत त्या. मीही स्वतःला वाईट समजत नव्हतो.

१६ मे

आदेश आला. सगळे अर्ज परत जागेवर. प्रत्येकाला फोन करून सांगायचं, आणि ते काम मदतवाहिनीच्या बाईंबरोबर मलाही. त्यांनी माझी खुर्ची त्यांच्या शेजारी लावून ठेवली होती. मला तर खात्याची नोटीस मिळालीच आहे, पण बाण मात्र आता मोठा झालाय, आणि त्यावर 'मागचं पान' लिहिलंय. हे शब्द बाईंनी सुचवले.

चिमणीची खोली गेली. दादाला सांगायला फोन केला.

"नंबर खाली गेला ना?"

"हो."

"बरं. त्या आईच्या मुलाला मिळाली का?"

"यादी अजून व्हायचीय."

"मिळेल." मग हसल्यासारखं करून म्हणाला, "म्हणजे मला तोवर जगायला पाहिजे."

"औषधं घेतोस ना?" मी विचारलं. विचारायचं दुसरंच होतं.

फोन ठेवला तर बायको पुस्तकांच्या खोलीच्या दारात उभी होती. "इथे खाट मावते," ती म्हणाली.

मी आतल्या फडताळांकडे पाहिलं.

"दादांनी आपल्याला विचारलं नाही, कारण आपण त्यांना कधी विचारू दिलं नाही. दर वेळी तुम्ही नवीन योजना सांगायचात, आणि मी चहा टाकायचे."

हे खरं आहे. घरबसल्या, घरबसल्या म्हणून मी जे दादाच्या गळी उतरवत होतो, ते आमचं घर आमचंच राहावं म्हणून. ते पान त्याच्यासाठी जेवढं चालायला हवं होतं, त्याहून जास्त माझ्यासाठी चालायला हवं होतं. बटणाचा शब्द चुकला, ते निदान नकळत झालं.

शब्दकोश खोक्यांत भरले. दोन खंड दाराला टेकण म्हणून कामाला येतील असं बायको म्हणतेय.

२५ मे

सकाळी फोन करून दादाला विचारलं, एका दमात, मध्ये थांबलो तर थांबूनच राहीन म्हणून. "चिमणी आमच्याकडे राहू दे. नंबर लागेपर्यंत. नाही लागला तरी. आणि तूही ये, धाप आहे तोवर." मला वाटलं, नको म्हणेल, तशी आमची पुण्याई आहेच. पण तो म्हणाला, "तिची उशी आणावी लागेल. दुसऱ्या उशीवर झोपत नाही ती."

दुपारी दोघं आली. दादा जिन्यात दोनदा बसला. चिमणी उशी पोटाशी धरून आमच्या दारात आली आणि थांबली. आत येईना. दादानं समजावलं, बायकोनं हात पुढे केला. ती हलेना. मग ती वळली, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि वाट बघू लागली.

दादा म्हणाला, "तू बोल. घर तुझं आहे. ज्याच्या दारात गाडी, त्यानं बोलायचं."

शेजारची दारं उघडी होती. मी घसा खाकरला. "मागे घ्या," मी म्हणालो.

तिनं एक पाऊल मागे टाकलं.

"येऊ द्या," मी म्हणालो, जरा मोठ्यानं. "येऊ द्या… येऊ द्या…" ती उंबऱ्यावरून आत आली, पाठमोरी, न बघता, माझ्या आवाजावर भरवसा ठेवून. खोक्यांच्या मधून, टेबलाला वळसा घालून, पुस्तकांच्या खोलीत. खाट तिच्या पोटऱ्यांना लागली. आता एकच शब्द म्हणायचा होता. ती उशी धरून वाट बघत राहिली. मग मी 'बस्स' म्हणालो, आणि ती बसली.